सायलेन्सर चोक झालाय

परवा दुपारी शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी गॅलरीला ग्रिल बसवत होते. मी पुढच्या खोलीत दहावीच्या पोरांना निबंधाचे मुद्दे सांगत होते आणि खिडकीतून तो वास आत आला. जळकं लोखंड, त्यात जुन्या रंगाचा धूर आणि वर मार्चचं तापलेलं सिमेंट. मी मुद्दा अर्धवट सोडला. पोरं वहीतून मान वर करून बघायला लागली. बाई गप्प झाल्या म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय असा त्यांचा समज आहे, आणि तो बरोबरच आहे. मी एरवी गप्प होत नाही.

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीत मार्च म्हणजे परीक्षा. बाकी पुण्यात या महिन्यात झाडं बिडं फुलत असतील, आमच्याकडे फ्रिजवर वेळापत्रकं फुलतात. घराघरांतले टीव्ही मुके होतात, लिफ्टचं दारसुद्धा लोक हळू लावतात. कोपऱ्यावरच्या रसवंतीची घुंगरं तेवढी वाजत राहतात, कारण रसवंतीवाल्याला आमच्या सेक्रेटरींचा धाक नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घरीच शिकवण्या घेते, त्यामुळे हा महिना दरवर्षी माझ्याच घरात मुक्कामाला असतो. पण परवा त्या वासाबरोबर जो मार्च आत शिरला, तो यंदाचा नव्हता. तो काही वर्षांमागचा, आमच्या ह्यांनी पार्किंगमध्ये बसून मोटरसायकलचा सायलेन्सर कापला होता तो.

"गाडीचा आवाज बदललाय," हे एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले होते. "सायलेन्सर चोक झालाय."

मी म्हटलं, झाला असेल. या विषयात आमच्या घरात माझं मत कुणी विचारत नाही. ह्यांचं आयुष्य इंजिनांशेजारी गेलं. कंपनीत, म्हणजे भोसरीच्या पुढच्या एका कारखान्यात, हे इंजिन टेस्टिंगला होते. ओळीनं इंजिनं धडधडत असायची आणि हे त्यांच्यामधून हिंडायचे, हातात एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि मग सांगायचं, हे खोला, याचं बेअरिंग गेलंय. निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं घड्याळ दिलं. ते भिंतीवर आहे. स्क्रू ड्रायव्हर मात्र हे स्वतःच घेऊन आले, कुणाला न विचारता.

त्यानंतर रविवार सकाळ आमच्या पार्किंगची झाली. सोसायटीतले लोक गाड्या आणून लावायचे, "गायकवाड मामा, जरा ऐकता का?" म्हणायचे, आणि मामा ऐकायचे. फुकट. वर माझा चहा. आमच्या स्वतःच्या गाडीनं तर लग्न झाल्यापासून मेकॅनिकचं दार पाहिलं नव्हतं. मेकॅनिक हा शब्दच हे जरा हसून उच्चारायचे, जसं एखादी सुगरण हॉटेलातल्या भाजीबद्दल बोलते. अशा माणसानं सायलेन्सर चोक झाला म्हटलं तर तो झालाच असणार. शंका घेणारी मी कोण?

सायलेन्सर चोक झाला की गाडी घुसमटते आणि आवाज दबका येतो, हे त्या दिवसांत मला पाठ झालं. आत काजळी साचते म्हणे. मग एका दुपारी ह्यांनी सायलेन्सर उतरवला, पार्किंगच्या मागे विटा मांडून लाकडं पेटवली आणि तो वांग्यासारखा भाजायला ठेवला. मी गॅलरीतून विचारलंसुद्धा, तेलाचा हात लावलाय ना? त्यांनी उत्तर दिलं नाही. नेहमी असल्या बोलण्यावर त्यांचं एखादं तिरकस वाक्य यायचं. त्या दिवशी आलं नाही, आणि मला वाटलं, कामात आहेत. काजळी झटकून सायलेन्सर परत लावला, किक मारली आणि मान एका बाजूला कलती करून हे ऐकत उभे राहिले. बराच वेळ. मग गाडी बंद केली. वर आल्यावर म्हणाले, "अजून दबकाच आहे."

मग ग्राइंडर आला. मग लोणी काळभोरहून ह्यांच्या मावसभावानं त्याच्याकडचं वेल्डिंगचं मशीन टेम्पोत घालून आणून दिलं. त्याच्याकडे ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायला असतं. तो बिचारा सांगत होता की दादा, तुमी कशाला ताप करून घेता, तिकडं गाडी आणा, आमची माणसं करत्यात. दादांनी ऐकलं नाही. आता हे लिहिताना जाणवतं की त्यांनी खरंच ऐकलं नसेल.

सायलेन्सरच्या पोटात आवाज अडवायला जाळी असते. नळ्या असतात, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या चकत्या असतात. हे सायलेन्सर मधोमध कापायचे, आतली एखादी चकती काढायचे, दोन्ही तुकडे एकमेकांना लावून टाके घालायचे, गाडीवर चढवायचे आणि ऐकायचे. पटलं नाही की पुन्हा उतरवून पुन्हा कापायचे. पत्रा जुना, गंजानं पातळ झालेला. रॉड जरा जास्त टेकला की भोक. ते भोक बुजवायला टाका घालावा तर त्याच्या शेजारी दुसरं भोक. सायलेन्सरची पार गोधडी झाली. मशीनची वायर आमच्या मीटरवरून घेतलेली, त्यामुळे खाली ठिणगी पडली की वर माझ्या शिकवणीतला दिवा मिणमिणायचा. पोरांना तेवढीच करमणूक.

आणि आवाज! ह्यांना जो दबका वाटत होता तो आवाज आम्ही बाकीचे कानांवर हात ठेवून ऐकत होतो. प्रत्येक चकतीगणिक तो वाढत गेला. शेवटी शेवटी गाडी सुरू झाली की माझ्या शोकेसमधल्या काचा थरथरायच्या आणि जिन्याखालची कुत्री उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसायची. शिकवणीतली पोरं बेहद्द खुश होती. मॅम, काकांची बाईक एकदम खतरनाक वाजते, कॉलेजच्या दादा लोकांना पण असा साउंड नाही मिळत, असं मला ऐकवायची. असले कर्कश सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि रस्त्यावर मांडून रोड रोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो पेपरात येतात. त्या फोटोत बाजूला उभी असतात ती विशीतली पोरं. आमचे हे म्हणजे पांढऱ्या मिशा, खिशाला अडकवलेला चष्मा आणि डोक्यावर उन्हाची टोपी. मी पेपर उघडायला घाबरायला लागले.

सेक्रेटरी गोडबोले एकदा वर आले. त्यांची नात त्या वर्षी दहावीला, माझ्याच शिकवणीला. चपला न काढता दारातच उभे राहिले आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "बाई, आपल्याकडे विमान साधारण कधी उतरतं तेवढं कळवून ठेवा. त्या वेळी नातीला अभ्यासाला बसवत नाही." मी एरवी गोडबोल्यांना शब्दाला शब्द देते. आमच्या दोघांच्या बोलाचालीवर सोसायटीची सभा तग धरून असते. पण आत त्यांची नात कानात बोटं घालून इतिहास पाठ करत होती. मी काय बोलणार, कपाळ? सांगते ह्यांना, एवढंच म्हटलं. गोडबोले चमकले. माझ्याकडून इतकं साधं उत्तर त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

सांगते म्हणणं सोपं. काय सांगायचं, हेच मला तेव्हा कळत नव्हतं. कुठंतरी आत सुगावा लागला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा म्हणून सांगून मी शिकवणीला बसायचे आणि करपल्याचा वास माझ्या खोलीत यायचा. हे स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसलेले असायचे. रविवारी विहारात वंदनेला सगळ्यांचे स्वर एकत्र थांबले तरी ह्यांचा एकट्याचा मागे रेंगाळायचा. पुढच्या ओळीतल्या बायका वळून बघायच्या, आणि मला वाटायचं, वय झालं, तंद्री लागली असेल. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, ही ह्यांची नवीन तक्रार होती. लेक बंगळुरूला असते, तिच्या फोनवर तर ह्यांचा रागच. म्हणायचे, ती काही बोलतच नाही, नुसतं पुटपुटते. बाबांशी बोलून झालं की ती मला विचारायची, आई, बाबा भलतीच उत्तरं का देतात?

माझं बोलणं मात्र त्यांना नीट कळायचं. त्यामुळे मी निर्धास्त होते. पण मी पडले शाळामास्तरीण. साठ पोरांच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, तो घरातही तसाच. शेजारी म्हणतात की गायकवाडांकडे आज भाजी कुठली ते आम्हाला आधी कळतं. आणि हे माझ्याकडे टक लावून बघत ऐकायचे. मला ते आवडायचंसुद्धा. या वयातही नवरा तोंडाकडे बघत बोलणं ऐकतो, कुणाला नाही आवडणार?

मग ते डोळ्यांचं झालं. वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये, हे मी शिकवणीतल्या प्रत्येक पोराला गॅलरीतून मागे ओढत बजावलं होतं. आणि एक दिवस मीच बघत राहिले. हे काळी काच तोंडासमोर धरून उकिडवे बसले होते. ठिणगी विझली की काच खाली करायचे, हातोडीनं वरचा पोपडा झाडायचे, टाक्यावरून बोट फिरवायचे. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला नजर काढता येईना. हौसेनं काम करणाऱ्या माणसाचा चेहरा मला माहीत आहे, आयुष्यभर पाहिलाय. तो हा नव्हता. हा हरवलेली वस्तू शोधणाऱ्या माणसाचा होता.

संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं व्हायला लागलं. पाण्याच्या धारा. ह्यांनी काही न विचारता ओळखलं. कंपनीतले वेल्डर यावर जो उपाय करायचे तोच केला. कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापल्या, मला आडवं केलं आणि डोळ्यांवर ठेवल्या. उशाशी बसून राहिले. चकत्या गरम झाल्या की बदलायचे. त्यांच्या बोटांना लोखंडाचा वास येत होता. मला इतकं बरं वाटत होतं की बोलायचं धाडस झालं. अगदी हळू म्हटलं, अहो, पुरे करा ना आता ते. उत्तर नाही. रागावले असतील म्हणून पुन्हा म्हटलं, मला भीती वाटते तुमची. काही नाही. मी एका डोळ्यावरची चकती उचलून पाहिलं. हे माझ्यापासून हातभरावर बसले होते. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत होते. चेहरा शांत, रागाचं नाव नाही. मी त्यांच्याकडेच बघत तिसऱ्यांदा, तितक्याच हळू, नावानं हाक मारली. उभ्या जन्मात मी त्यांना नावानं हाक मारली नव्हती. त्यांनी नवी चकती कापायला बटाटा हातात घेतला.

मी चकती परत डोळ्यावर ठेवली आणि पडून राहिले. गाडीला काहीच झालेलं नव्हतं.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, सिंपल आहे, त्यांना ईएनटीकडे ने, टेस्ट कर. तिथं बसून सगळं सिंपल असतं. मी काय म्हणू त्यांना? ज्या माणसाला कंपनीत तीन शेड पलीकडून बोलावणं यायचं, केवळ ऐकण्यासाठी, त्याला सांगू की गाडी नाही, तुम्ही बिघडलात? रोज सकाळी ठरवायचे, आज बोलायचं. ते काळी काच घेऊन खाली जायचे आणि मी पोळ्या लाटत राहायचे. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला इतकं मुकं होता येतं हे मला ठाऊक नव्हतं. वर्गात मी शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत कुणाला सोडलं नाही. इथं माझ्या जिभेचं पार लोणी झालं, नुसतं विरघळायचं.

त्यातच मिरच्या आणायच्या राहिल्या होत्या. मार्चमध्ये वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या आम्ही मार्केट यार्डातून आणतो, मोटरसायकलवर, मागे मी आणि माझ्या मांडीवर पोतं. मी म्हटलं, रिक्षानं जाऊ. हे म्हणाले, गाडी काय मेलीय का? त्या तोफगाड्यावर बसून मी निघाले. रस्त्यात माणसं वळून बघत होती. पदर तोंडावर घेतला, पण त्यानं काय होतंय.

मिरचीच्या गाळ्यांसमोर हे गाडी वळवत होते. मागून हातगाडी आली, पोत्यांनी लादलेली, ओढणारा हमाल घामानं निथळलेला. तो ओरडत होता. बाजू, बाजू, ओ बाजू! मला ऐकू आलं, मी ह्यांच्या खांद्यावर थापा मारल्या, पण मी घाई करतेय असं वाटून ह्यांनी गाडी आणखी पुढे घेतली, थेट त्याच्या वाटेत. हमालानं सगळं अंग मागे टाकून गाडा रोखला. गाडा कलंडला. वरचं पोतं पडून फुटलं आणि लाल मिरच्या रस्ताभर झाल्या. त्याची नडगी सोलवटली होती. धुरळा असा उठला की सगळी गल्ली शिंकायला आणि खोकायला लागली.

"किती वरडायचं?" तो खोकत खोकत ह्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. "बहिरा हाय का म्हातारा?"

हे माझ्याकडे वळले. गाडी अजून सुरूच होती, धडधडत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते सगळ्यांच्याच वाहत होतं.

"काय म्हणतोय तो?"

"गाडीचा आवाज फार आहे म्हणतोय," मी ओरडून सांगितलं.

त्यांनी मान हलवली. गाडी बंद केली. खिशातला रुमाल काढून खाली बसले आणि त्या हमालाच्या नडगीला स्वतः बांधला. मग आम्ही दोघं रस्त्यावर बसून मिरच्या गोळा करायला लागलो. हमालाचा राग निवला होता. तोच म्हणाला, राहू द्या मावशी, हात जळतील. मिरच्यांचं मला काही वाटत नव्हतं. हातगाडीच्या जागी त्याच गल्लीतून जाणारा ट्रक असता तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी त्यांच्या मागे बसले होते, थापा मारत होते, आणि काही उपयोग झाला नव्हता. येताना गाडी त्यांनी हळू चालवली.

भूगोलाचा पेपर शेवटचा असतो. त्या दुपारी पोरं परीक्षेला गेलेली, सोसायटी सुन्न, उन्हानं डांबर मऊ झालेलं. खाली मशीन सुरू झालं तसा माझ्या घरातला दिवा मिणमिणला. मी ताकाचा तांब्या घेऊन खाली गेले. मनाशी पक्कं केलं होतं, आज बोलायचंच. पाहते तर हे जाळी परत आत बसवत होते. काढलेल्या सगळ्या चकत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर ओळीनं मांडल्या होत्या. शेवटची तेवढी हातात होती.

मला बघून काळी काच खाली ठेवली. ताक प्यायले. मग म्हणाले, "तो हमाल बहिरा म्हणाला. तू आवाज म्हणालीस."

मी विटांवर बसले. ऐकलंत तुम्ही, असं विचारलं.

"ऐकलं नाही, पाहिलं. कंपनीत सगळे ओठच बघतात. इतक्या इंजिनांत ऐकू कुणाला येतंय?"

मग माझा हात धरून त्यांनी तो सायलेन्सरच्या मागच्या तोंडापाशी नेला. चोक आहे का बघायला असा तळवा धरतात, म्हणाले. गाडी सुरू करून धूर हाताला कसा लागतो ते बघायचं. गॅरेजमधलं पोरसुद्धा आधी तेच करतं.

"मी पहिल्याच दिवशी हात धरला होता," ते म्हणाले. "धूर मोकळा होता."

मी ओरडलेच. मग महिनाभर हे सगळं कशाला केलंत? लोकांची बोलणी खाल्ली, पोरांचा अभ्यास बुडाला, माझा जीव टांगणीला लावलात!

ते माझ्या ओठांकडे बघत होते. पूर्ण होईपर्यंत थांबले.

"किती गेलंय ते बघत होतो. एक चकती काढायची, ऐकायचं. अजून एक काढायची, ऐकायचं. सगळी जाळी काढली तेव्हा कुठं गाडी पहिल्यासारखी वाजली." वर्तमानपत्रावरच्या चकत्यांकडे त्यांनी हात केला. "म्हणजे माझं एवढं गेलंय."

मला रडू आलं आणि त्याच वेळी असा संताप आला की तांब्या फेकून मारावा. माझ्यासाठी ते लपवत होते आणि त्यांच्यासाठी मी. दोघंही जपत होतो, आणि जपून उरलं काय, तर गोधडी झालेला सायलेन्सर. त्यांनी शेवटची चकती आत बसवली. मला म्हणाले, तिकडं तोंड कर, डोळे जातील. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि भिंतीवर ती निळी ठिणगी नाचत राहिली.

पुढचं सरळ होतं. डॉक्टरांकडे जाऊन झालं. त्यांनी सांगितलं, बारीक आवाज आधी जातात. पाखरं, कुकरची शिट्टी, लेकीचा आवाज, इंजिनातली टिकटिक. जाड तेवढे राहतात, म्हणून सगळं घुसमटल्यासारखं वाटतं. कंपनीत कानात घालायला बोळे मिळायचे ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मिळायचे, हे म्हणाले, पण ते घातल्यावर इंजिन कसं ऐकणार? डॉक्टरांनी चष्मा पुसला. गेलेलं परत येत नाही, म्हणाले, कानाच्या मशीननं थोडं भागतं. मशीन घेतलं. ते लावून माझं बोलणं ऐकतात, टीव्ही ऐकतात. गाडीपाशी जाताना काढून खिशात ठेवतात. एकदा लावून ऐकली होती. म्हणाले, आवाज येतो, पण डब्यात ठेवलेल्या गाडीचा.

मोटरसायकलवर आता झाकण असतं. मार्केट यार्डनंतर ती त्यांनी रस्त्यावर काढली नाही आणि मी कारण विचारलं नाही. लेकीनं मला स्कूटर घेऊन दिली. उतारवयात शिकले, पडले, झडले, आता बऱ्यापैकी चालवते. हे मागे बसतात. रविवारी पार्किंगमध्ये गाड्या येत नाहीत. लोक मोठ्या मनाचे आहेत, येता जाता हात करतात. गोडबोले तर आता ह्यांच्यासमोर येऊन, तोंड स्पष्ट हलवून बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातला तिरकसपणा गेलाय. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

तर परवा तो वास आला, आणि त्याच आठवड्यात माझ्या स्कूटरमधून आवाज यायला लागला. बारीक. रेस केली की वाढायचा. मी दोन दिवस काही बोलले नाही. पण सिग्नलला उभी असताना मी मान कलती करत असणार, कारण घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कसला आवाज येतोय?"

नाही म्हणून उपयोग नव्हता, ते ओठ वाचतात तसा चेहराही वाचतात. येतोय थोडा, म्हटलं. ते आत गेले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. इतक्या दिवसांनी तो त्यांच्या हातात होता. खाली गेलो. त्यांनी मशीन काढून माझ्या हातात दिलं. स्कूटर सुरू केली, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. जागा बदलली. पुन्हा बदलली. मी श्वास धरून उभी. शिकवणीची पोरं येत होती ती जिन्यातच थबकली.

"कसा येतोय सांग," डोळे उघडून ते म्हणाले.

आयुष्यभर मी मराठी शिकवली. घंटेची घणघण, पैंजणांची छुमछुम, पानांची सळसळ, पोरांकडून पाठ करून घेतली. पण तो आवाज मला सांगता येईना. मी टिकटिक म्हटलं. मग म्हटलं, टिकटिक नाही, तडतड. वाटीवर नखानं मारल्यासारखं, पण वाटी भरलेली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. नुसत्या ओठांवर टिकटिक काय आणि तडतड काय.

"करून दाखव," ते म्हणाले. आणि जवळ येऊन दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली.

भर पार्किंगमध्ये, पोरांसमोर, गोडबोल्यांच्या गॅलरीखाली मी तो आवाज काढला. जीभ टाळूला लावून, दात आवळून, जमेल तसा. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा, म्हणाले. मी पुन्हा काढला. त्यांची बोटं जागा बदलत होती, आधी इंजिनावर बदलली तशीच. पोरांतलं एकही हसलं नाही. मी काढत राहिले, घसा कोरडा पडला तरी काढत राहिले. आता सांगतील, आता सांगतील, अमुक गेलंय, खोला, असं मला वाटत होतं.

त्यांनी बोटं काढली. स्कूटर बंद केली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक फडक्यानं पुसलं आणि माझ्या हातातलं मशीन घेऊन कानाला लावलं.

"उद्या मेकॅनिककडे टाक," म्हणाले.